कोऱ्या कागदावरची सही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण मैत्रिणींनो, या देशात अशाही बायका होत्या, की त्यांना ती पायरी चढायची म्हटली तरी चढता येत नव्हती. परक्या पुरुषासमोर जायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि वकील तर सगळे पुरुषच! मग आपलं गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? घरातल्याच माणसाने फसवलं तर दाद मागायची कुठे? बरं, एखाद्या बाईनेच वकील व्हावं तर कायद्याला तेही मंजूर नव्हतं. म्हणजे न्याय मागणारी एका भिंतीआड आणि न्याय मिळवून देऊ शकणारी दुसऱ्या भिंतीबाहेर.

या दोन्ही भिंतींना धडका देणारी एक बाई आपल्या नाशकात जन्मली. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. हिंदुस्थानातली पहिली महिला वकील म्हणून तिचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. आमच्या मुलांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलीही. मला मात्र त्या ‘पहिली’पणापेक्षा तिने वकिली का केली आणि कशी केली, हे जास्त मोलाचं वाटतं.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी, तरुणपणी ख्रिस्ती झालेले आणि पुढे धर्मोपदेशक बनलेले. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज दाम्पत्याने दत्तक घेऊन वाढवलं होतं. त्या दत्तक आजीचंच नाव या मुलीला ठेवलं. म्हणजे घर पाहा कसं! पारशांच्या दृष्टीने धर्म सोडलेलं, इंग्रजांच्या दृष्टीने नेटिव्ह आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने साहेबी वळणाचं. कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्या या घरात मुलीही बऱ्याच होत्या. आईबापांनी त्या सगळ्यांना शिकवायचं ठरवलं. पुढे एक बहीण, ॲलिस, डॉक्टर झाली. दुसरी, सूझी, हिने पुण्यात शिक्षणाला वाहून घेतलं. कॉर्नेलियाचं बालपण आधी बेळगावला आणि मग पुण्यात गेलं.

आई फ्रान्सिना म्हणजे मोठी खमकी बाई. पुण्यात तिने मुलींसाठी शाळा काढल्या. पण शाळेइतकीच तिच्या घरी गर्दी असायची ती अडलेल्या बायकांची. कुणाच्या वाटणीचा तंटा, कुणाच्या दागिन्यांचा, कुणाला दिराने घराबाहेर काढलेलं. या बाईंकडे गेलं की निदान शांतपणे ऐकून घेतात, हे बायकांना ठाऊक झालं होतं. आपल्याही प्रत्येक गावात अशी एखादी काकू किंवा मावशी असते ना, अगदी तशीच.

एक दिवस अशीच एक श्रीमंत घरची विधवा फ्रान्सिनाबाईंकडे आली. ही बाई गोषातली. तिचा सगळा कारभार एक कारभारी बघायचा. त्याने तिच्याकडून एका कोऱ्या कागदावर सही घेतली, नंतर त्यावर हवा तो मजकूर भरला आणि तिची सारी मालमत्ता आपल्या नावावर करून घेतली. बिचारीला कळलं तेव्हा सगळं हातचं गेलेलं. ती रडत होती आणि छोटी कॉर्नेलिया ते बघत होती. ती गेल्यावर लेकीने आईला विचारलं, की आपण हिच्यासाठी काहीच करू शकत नाही का? आईने तिची समजूत घातली नाही. अशा खूप बायका आहेत, त्यांना मदत करायची असेल तर मोठी होऊन कायदा शीक, असं सरळ सांगितलं.

पोरवयात कानावर पडलेल्या गोष्टी आपण सहसा विसरतो. कॉर्नेलिया विसरली नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती गेली तेव्हा तिथे दुसरी एकही मुलगी नव्हती. सगळा वर्ग मुलांचा. त्यांच्या नजरा, टोमणे, खोड्या सोसत तिने अभ्यास केला आणि पदवी परीक्षेत आपल्या कॉलेजात सगळ्यांच्या वर नंबर काढला. इतके गुण मिळवणाऱ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. हिला ती नाकारली. कारण काय, तर ती मुलगी आहे! गुण खरे, नंबर खरा, पण शिष्यवृत्ती मुलग्यांसाठी.

जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. याच सुमारास, १८८७ साली, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना निकाल दिला होता, की लहानपणी ज्याच्याशी लग्न लावून दिलं त्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं कळवलं होतं. बाईच्या आयुष्याचा निकाल आणि न्यायाधीश, वकील, कारकून सगळे पुरुष. अशा काळात एका मुलीला कायदा शिकायचा होता.

शिष्यवृत्ती गेली म्हणून कॉर्नेलिया घरी बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. तेही कॉलेज मुलांचंच. इकडे तिच्या इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी गोळा करायला घेतली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखी माणसं होती. सरकारने जे दिलं नाही, ते लोकांनी दिलं. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. अंगावर साडीच होती.

तिथेही वाट सरळ नव्हतीच. कायद्याची बी.सी.एल. नावाची परीक्षा तोवर कुठल्याच बाईने दिली नव्हती. हिला मुलांबरोबर परीक्षेला बसू द्यायचं की नाही, यावरच घोळ. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला आणि १८९२ मध्ये ती परीक्षेला बसली, उत्तीर्ण झाली. पदवी मात्र हातात नाही! बायकांना पदवी द्यायची पद्धतच ऑक्सफर्डमध्ये नव्हती. तो कागद हातात पडायला १९२२ साल उजाडलं. मोजा बरं, तीस वर्षं!

हिंदुस्थानात परतल्यावर कॉर्नेलियाबाईंपुढे हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. शिक्षण आहे, पण सनद नाही. १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाहीच. काठेवाड आणि इंदूरकडच्या संस्थानांत इंग्रज अधिकाऱ्यांपुढे बायकांच्या वतीने बाजू मांडायची परवानगी तेवढी मिळाली, तीही खास बाब म्हणून.

त्या दिवसांतली एक गंमत त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या अशिलांपैकी एक होता चक्क हत्ती! त्या हत्तीला कधीकाळी इनाम मिळालेलं होतं आणि ते आता नाकारलं जात होतं. न्यायनिवाडा करणार खुद्द राजेसाहेब. बाई तयारी करून गेल्या. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच राजाचा कुत्रा त्यांच्याशी लाडात आला आणि आपल्या कुत्र्याला ही बाई आवडली म्हणून राजाने निकाल त्यांच्या बाजूने देऊन टाकला. ऐकायला हसू येतं. पण विचार केला की वाटतं, जिथे हत्तीचा न्याय कुत्र्याच्या शेपटीवर ठरतो, तिथे बाईचा न्याय कशाकशावर ठरत असेल!

आता त्या गोषातल्या बायकांविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे माजघर होतं, पण मागच्या दारी विहीर होती, नदीवर जाणं होतं, देवळात जाणं होतं. बंगाल-बिहारकडच्या मोठ्या जमीनदार घरांत तसं नव्हतं. हिंदू असो वा मुसलमान, त्या घरच्या बाईचं जग जनानखान्याच्या भिंतींपाशी संपायचं. इंग्रजी कायदा अशा बायकांना पडदानशीन म्हणायचा. यातल्या कित्येकींच्या नावावर गावंच्या गावं होती. पण नवऱ्यामागे हिंदू विधवेला मिळणारा हक्क हयातीपुरता. उत्पन्न खायचं, पण खास गरजेवाचून विकायचं नाही. तिच्यानंतर ती मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जायची. म्हणजे ती जगत असतानाच तिच्या मरणाकडे डोळे लावून बसलेले भाऊबंद दाराशी! लिहिता-वाचता येत नाही, बाहेरचं जग ठाऊक नाही, कागद पडद्याआड येतो, अंगठा उमटतो आणि बाहेर जातो. त्या कागदावर काय होतं, हे तिला कळायचं तेव्हा वेळ गेलेली असायची. पुण्यातल्या घरी रडत आलेली ती बाई एकटी नव्हती, हे कॉर्नेलियाबाईंना जागोजागी दिसलं.

अज्ञान वारसांच्या, आणि कारभार सांभाळू शकणार नाहीत असं सरकारला वाटे अशा विधवांच्या इस्टेटी कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचं सरकारी खातं ताब्यात घेऊन सांभाळायचं. पण त्या खात्याचे अधिकारी पुरुष. ते हिशेब तपासणार, पण जनानखान्यात जाऊन मालकिणीला तिचं म्हणणं कसं विचारणार? १९०२ पासून कॉर्नेलियाबाईंनी सरकारकडे अर्जांचा सपाटा लावला, की या बायका-मुलांसाठी बाई सल्लागार नेमा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला होता.

पुढची वीसेक वर्षं ही बाई नुसती फिरत होती. आगगाडी, होडी, पालखी, कधी हत्ती, जे मिळेल ते वाहन. नोकरी सरकारी, पण काम कसलं कसलं! एखाद्या राणीला ठरलेली नेमणूक वेळेवर मिळते की नाही बघायचं. सासू-सुनांमध्ये, सवती-सवतींमध्ये समेट घडवायचा. अज्ञान वारसाच्या जिवाला धोका नाही ना, याची खात्री करायची. मुलांच्या शिक्षणाची सोय लावायची. बाळंतपणात आणि आजारपणात स्वच्छता कशी राखावी ते सांगायचं. आणि कागद आला की तो त्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगायचा.

त्यांची रीत मला फार आवडते. त्या कुणाच्या घरी जाऊन पडदा फाडा असं सांगत बसल्या नाहीत. त्या घरची सोवळं-ओवळं, पूजाअर्चा, मानपान सगळं सांभाळून त्या त्या बायकांच्या शेजारी जाऊन बसायच्या. आधी घरातल्या देवाविषयी, मुलाबाळांविषयी बोलणं, मग हळूच कागदाची गोष्ट. घाईने केलेल्या सुधारणेपेक्षा विश्वासाने केलेलं काम टिकतं, असं त्यांचं मत होतं. काहींना हे फारच जुनाट वाटायचं. पण ज्यांच्यासाठी काम करायचं त्या बायकांना दार उघडावंसं वाटलं, हे महत्त्वाचं नाही का? अशा सहाशेच्या वर बायका-मुलांना त्यांनी मदत केल्याचा अंदाज आहे. कित्येकदा एक पैसाही न घेता.

मी स्वतः बायकांच्या प्रश्नांवर थोडंफार काम करते. या कामात एक गोष्ट पक्की शिकले, की कायदा माहीत असणारी माणसं पुष्कळ भेटतात, ऐकून घेणारी थोडी. कॉर्नेलियाबाईंना हे ऐकणं आईकडून मिळालं होतं, आणि उरलेलं त्यांच्या स्वतःच्या अनुभवाने शिकवलं. आपल्या हक्काची गोष्ट केवळ बाई म्हणून नाकारली जाते तेव्हा पोटात काय कालवतं, हे त्यांनी पुण्यात सोसलं, ऑक्सफर्डमध्ये सोसलं, अलाहाबादेतही सोसलं. ज्याने स्वतः बंद दाराबाहेर उभं राहून पाहिलंय, त्याला आतून दार ठोठावणाऱ्याचा आवाज लवकर ऐकू येतो. त्यांची सगळी वकिली त्या आवाजावर उभी होती.

अखेर कायदा बदलला. १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांचं नाव वकिलांच्या यादीत घेतलं. त्याच सुमाराला लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टरही झाल्या. १९२३ मध्ये हिंदुस्थानात बायकांना वकिलीची दारं रीतसर उघडणारा कायदा झाला आणि कॉर्नेलियाबाईंनी कलकत्ता हायकोर्टात काम सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय किती? सत्तावन्न-अठ्ठावन्न! ज्या वयात माणसं निवृत्त होतात, त्या वयात यांना पहिल्यांदा काळा कोट घालून हक्काने कोर्टात जाता आलं. आणि तिथे काय? पुरुष वकील आणि न्यायाधीशांच्या मनातली अढी काही गेली नव्हती. त्यांच्याकडे यायचं ते बहुतेक कागदावर मत लिहून देण्याचं काम. उभं राहून बाजू मांडायची संधी फारशी मिळायची नाही. १९२९ मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि त्या लंडनला स्थायिक झाल्या.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. या बाईंचा ओढा शेवटपर्यंत इंग्रजांकडेच राहिला. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने १९२७ मध्ये ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहून आपल्या देशाची नालस्ती केली, त्यावर देशभर संताप उसळला, तेव्हाही यांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळे इथल्या बायकांच्या संघटना त्यांच्यापासून दुरावल्या, आणि मला वाटतं, आपण त्यांना जवळजवळ विसरलो त्याचं एक कारण हेही आहे. मला त्यांचं हे वागणं पटत नाही. ज्या राज्याने त्यांची शिष्यवृत्ती अडवली, सनद अडवली, त्याच राज्यावर इतका भरवसा कसा? पण माणूस सगळाच्या सगळा आपल्या मनासारखा असता तर काय हवं होतं! मत आपल्याला पटो न पटो, त्यांनी कागद वाचून दाखवून वाचवलेली घरं खरी आहेत.

६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. लग्न त्यांनी केलं नाही. आईवडिलांवर एक पुस्तक आणि आपल्या कामाच्या आठवणींची पुस्तकं मागे ठेवली. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला.

मैत्रिणींनो, कॉर्नेलियाबाई गेल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, हिंदू विधवेचा तो हयातीपुरता हक्क जाऊन तिला पूर्ण मालकी मिळाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि पडदानशीन बाईकडून सही घेतली असेल, तर तिला सगळं समजावून सांगितलं होतं हे सही घेणाऱ्याने सिद्ध करावं, हा कोर्टांनी घालून दिलेला दंडक पुढे अशिक्षित, अजाण बायकांनाही लागू झाला. गोषा गेला, कायदा आपल्या बाजूने आला. मग प्रश्न संपला का?

आमच्या मंडळात येणाऱ्या बायकांकडून जे ऐकते त्यावरून सांगते, नाही संपला. वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपास भाऊ कागद पुढे करतो. वारसनोंदीसाठी सही हवी म्हणतो. बहीण म्हणते, माहेर तुटायला नको. सही करते. काही वर्षांनी अडचणीत सापडते तेव्हा कळतं, की ते हक्कसोडपत्र होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकाही याला अपवाद नाहीत. नवऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सह्या केलेल्या आहेत, कोऱ्या धनादेशावर सह्या केलेल्या आहेत. भावाला वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडावा. प्रेमाने दिलेलं दानच ते. पण आपण काय सोडतोय हे माहीत असून सोडावं, एवढंच.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. समोरचा कितीही जवळचा असो, कागद घरी आणा, वाचा, कळला नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. सही केली तर त्याची एक प्रत मागून घ्या. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. तिथे बाई वकील हवी असं सांगायला संकोच करू नका. ती मागणी मान्य व्हावी म्हणून एका बाईने अर्धं आयुष्य खर्च केलंय.

आणि हो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरी कायदा शिकायचं म्हणणारी मुलगी असेल, तर तिला कोर्टाच्या पायरीची भीती घालू नका. फ्रान्सिनाबाईंसारखं सरळ सांगा, शीक म्हणून. तिच्या दाराशी उद्या कोण येऊन बसणार आहे, हे आपल्याला आज कुठे माहीत आहे!